क्रोमनं कॉम्प्युटर बसवला? आधी खाणारा टॅब पकडा, रॅमचं नंतर बघू

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असले की अडत दुकानातला कॉम्प्युटर सकाळपासून रात्री शटर ओढेपर्यंत चालूच असतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर एकीकडे. ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, बँक, व्हॉट्सॲप वेब, जीमेल, बाजारभावाची एखादी साइट, आणि कोपऱ्यात यूट्यूबवर कसलं तरी लाइव्ह. तक्रारही ठरलेली असते: "सकाळी पळतंय, तीननंतर पार बसतंय." विश्रामबागेतल्या हॉस्टेलवरची पोरं, मिरजेतल्या दवाखान्यांचे काउंटर, कुपवाड एमआयडीसीतली ऑफिसं, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच ऐकायला मिळतं.

त्यावरचे उपायही ठरलेले. आधी रीस्टार्ट, मग कॅशे (ब्राउझरनं साठवलेल्या पानांच्या प्रती) साफ, मग कुणीतरी सुचवलेला 'क्लीनर', मग फॉरमॅट, आणि तरीही भागलं नाही तर नवी रॅम. यातल्या एकाही पायरीवर कुणी बघत नाही की ब्राउझरमधलं नेमकं काय जड झालंय. ते दोन मिनिटांत दिसतं, फुकट दिसतं, आणि बहुतेक वेळा दोषी एखादा टॅब नाहीतर एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम, निघतं. म्हणून या लेखात मोजायचं आधी आणि हात लावायचं नंतर, असा क्रम ठेवलाय.

खालच्या सूचना विंडोज १० आणि ११ वरच्या क्रोम, एज आणि फायरफॉक्ससाठी आहेत. ब्रेव्ह, ऑपेरा, व्हिवाल्डी वापरणाऱ्यांनी क्रोमच्या सूचना घ्याव्यात, कारण आतलं इंजिन एकच आहे. मेनूतली नावं आवृत्तीप्रमाणे थोडी इकडेतिकडे होतात, तेवढं सांभाळून घ्या.

पायरी १: दुखणं मेमरीचं की प्रोसेसरचं?

'हँग होतंय' या एका तक्रारीखाली तीन-चार वेगळी दुखणी लपलेली असतात. कॉम्प्युटर संथ असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडेल. 'प्रोसेसेस' भागात वरच्या ओळीत सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क आणि नेटवर्क यांचे टक्के दिसतात. एक-दोन मिनिटं नुसतं बघत बसा.

मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास आणि डिस्क सतत १०० टक्के, असं दिसलं तर रॅम संपलेली आहे. रॅम म्हणजे गादीसमोरचं डेस्क आणि डिस्क म्हणजे मागचं गोदाम. डेस्कावर जागा उरली नाही की विंडोज एकेक वही गोदामात नेऊन ठेवतं आणि तुम्ही ती मागितली की परत आणतं. तुम्ही टॅब बदलता आणि पान दहा सेकंद पांढरं राहतं, तेव्हा ही ने-आण चाललेली असते. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर हे फारच जाणवतं.

सीपीयू ९०-१०० टक्के आणि मेमरी मात्र ६० टक्के असेल, तर दुखणं प्रोसेसरचं. पंख्याचा आवाज वाढतो, लॅपटॉप खालून तापतो, व्हिडिओ अडखळतो. इथं रॅम वाढवून काडीचा उपयोग होत नाही.

आणि हे सगळे आकडे शांत असूनही पान उघडत नसेल, तर गडबड इंटरनेटची किंवा त्या साइटची आहे. रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला सरकारी पोर्टल गोल गोल फिरत राहिलं, तर त्याचा राग क्रोमवर काढण्यात अर्थ नाही.

एक खुलासा इथंच करतो. रॅम ७० टक्के भरलेली दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. रिकामी रॅम काही कामाची नसते. मोकळी असेल तर ब्राउझर ती वापरणारच, पानं हाताशी ठेवणारच. टक्केवारी वाढली आणि कॉम्प्युटरही संथ झाला, तरच ते दुखणं.

टास्क मॅनेजरमध्ये 'गुगल क्रोम' या नावाशेजारच्या बाणावर क्लिक केलं की खाली पंधरा-वीस ओळी उघडतात आणि पुष्कळांना तो व्हायरस वाटतो. तो व्हायरस नाही. क्रोम २००८ साली आला तोच प्रत्येक टॅब वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या कामात, ठेवायची रचना घेऊन; एक पान कोसळलं तरी बाकीची उभी राहावीत म्हणून. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले दोष उघड झाले. त्यानंतर त्याच वर्षी क्रोमच्या ६७ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर प्रत्येक वेबसाइटला स्वतंत्र प्रोसेस द्यायला सुरुवात झाली. उद्देश हा की एका साइटनं दुसरीचा डेटा, समजा तुमच्या बँकेचा, चोरून वाचू नये. यासाठी मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागते, असं गुगलनंच तेव्हा सांगितलं होतं. फायरफॉक्सनंही २०२१ मध्ये हीच वाट धरली. तेव्हा प्रोसेस कमी करायच्या म्हणून ही सुरक्षा बंद करण्याच्या युक्त्या इंटरनेटवर सापडतील, त्यांच्या नादी लागू नका.

पायरी २: ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर

सगळ्या लेखातली कामाची पायरी हीच. विंडोजचा टास्क मॅनेजर फक्त 'क्रोम' म्हणतो. कोणता टॅब, ते क्रोमच सांगू शकतो.

क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा, किंवा उजवीकडच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून 'मोअर टूल्स' आणि तिथून 'टास्क मॅनेजर'. एजमध्येही शिफ्ट आणि एस्केपच. फायरफॉक्समध्ये मेनू, 'मोअर टूल्स', 'टास्क मॅनेजर'. क्रोमच्या खिडकीत ओळींचे वेगवेगळे गट दिसत असतील, तर सगळं दाखवणारा गट निवडा. आता 'मेमरी फूटप्रिंट' या शीर्षकावर क्लिक करा. सगळ्यात जास्त खाणारा वर येईपर्यंत एकदा-दोनदा क्लिक करावं लागेल. 'सीपीयू'साठीही तसंच. लगेच निष्कर्ष काढू नका. पाच मिनिटं खिडकी उघडी ठेवून नेहमीचं काम करा आणि कोणता आकडा चढत जातोय ते बघा.

या यादीत टॅब असतात, एक्स्टेन्शन असतात, आणि काही अनोळखी ओळी असतात. 'ब्राउझर' म्हणजे मुख्य प्रोसेस; ती बंद केली की सगळंच बंद. 'जीपीयू प्रोसेस' चित्र आणि व्हिडिओ पडद्यावर काढते. 'सबफ्रेम' म्हणजे एखाद्या पानात घुसवलेलं दुसऱ्या साइटचं पान, बहुतेक वेळा जाहिरात. 'युटिलिटी' ओळी नेटवर्क, आवाज वगैरे किरकोळ कामं बघतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. क्रोमच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचे १०० म्हणजे प्रोसेसरचा एक कोअर (आतला एक काम करणारा भाग) पूर्ण वापरात. विंडोज मात्र सगळे कोअर मिळून १०० धरतं. म्हणजे चार कोअरच्या मशिनवर एखादं पान अडकून फिरत राहिलं, तर क्रोम त्याला १०० दाखवेल आणि विंडोज २५. दोन्ही आकडे खरेच.

यार्डातल्या एका अडत दुकानात असाच कॉम्प्युटर बघितला होता. ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, मेमरी ९३ टक्के. दिवाणजींचा संशय यूट्यूबवर. शिफ्ट-एस्केप दाबल्यावर यूट्यूब निघालं तिसऱ्या नंबरवर. पहिल्या नंबरवर बाजारभावाची एक साइट, ९०० एमबीच्या वर, आणि खाली जाहिरातींच्या सबफ्रेमची रांग. हा टॅब सकाळी उघडलेला, दर थोड्या सेकंदांनी स्वतःच ताजा होणारा, वर आपोआप वाजणारा जाहिरातीचा व्हिडिओ. भाव बघून झाल्यावर तो बंद करायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. दुसऱ्या नंबरवर पीडीएफचं वर्ड करून देणारं एक एक्स्टेन्शन. "ते होय? ते पोरानं एकदा टाकलेलं, परत कोण बघितलंय!" दिवाणजी म्हणाले.

मग त्या भावाच्या टॅबवर जाऊन एफ-५ दाबलं. आकडा दीडशे एमबीवर आला आणि बघता बघता पुन्हा चढायला लागला. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पान पुन्हा लोड केल्यावर मेमरी धपकन उतरते आणि नुसतं ठेवलं तरी चढत जाते, याचा अर्थ त्या पानातच गळती आहे: जुना माल ते सोडत नाही आणि नवा मागत राहतं. यात तुमच्या कॉम्प्युटरचा किंवा ब्राउझरचा काही दोष नाही. अशी साइट उघडायची, बघायची, बंद करायची. याउलट एफ-५ नंतरही आकडा तेवढाच येत असेल, तर पानच तेवढं जड आहे. मोठी गुगल शीट, जीमेल, व्हॉट्सॲप वेब ही मंडळी काहीशे एमबी घेतातच.

यादीतली ओळ निवडून 'एंड प्रोसेस' दाबलं की तो टॅब तिथल्या तिथं मरतो आणि पान कोसळल्याचा संदेश दिसतो. टॅब जागेवर राहतो, पुन्हा लोड करता येतो, पण अर्धवट भरलेला फॉर्म जातो. जीएसटी रिटर्न, बँकेचा व्यवहार, परीक्षेचा अर्ज यांच्या टॅबवर हे बटण वापरू नका. 'जीपीयू प्रोसेस' फुगलेली दिसली तर मात्र ती बिनधास्त संपवा. पडदा क्षणभर लुकलुकतो आणि ती नव्यानं, हलकी होऊन सुरू होते. फक्त व्हिडिओ कॉल चालू असताना नको.

एवढी खिडकी उघडायचाही कंटाळा असेल, तर अलीकडच्या क्रोममध्ये टॅबच्या नावावर माउस नुसता नेऊन ठेवा. छोट्या चौकटीत त्या टॅबची मेमरी दिसते.

पायरी ३: एक्स्टेन्शनची झडती

टॅबमध्ये चोर सापडला नाही तर संशय एक्स्टेन्शनवर. त्यासाठी सोपी परीक्षा आहे: तीच साइट इन्कॉग्निटो खिडकीत उघडा (कंट्रोल, शिफ्ट, एन). तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तिथं एक्स्टेन्शन चालत नाहीत. इन्कॉग्निटोमध्ये साइट सुरळीत आणि नेहमीच्या खिडकीत जड, तर एक्स्टेन्शनच बघायचे. फायरफॉक्समध्ये 'हेल्प' मेनूत 'ट्रबलशूट मोड' आहे. तो एक्स्टेन्शन, थीम आणि काही खास सेटिंग बाजूला ठेवून ब्राउझर उघडतो.

मग एक्स्टेन्शनच्या पानावर जा. मेनूत 'एक्स्टेन्शन्स' आणि 'मॅनेज एक्स्टेन्शन्स'. जे ओळखीचं नाही, जे कशासाठी टाकलं ते आठवत नाही, ते काढून टाका. कूपन शोधणारे, व्हिडिओ डाउनलोड करून देणारे, पीडीएफवाले, नवा टॅब सजवणारे, यांची इथं गर्दी असते. उरलेल्यांपैकी निम्मे बंद करा, अर्धा तास काम करा. फरक पडला तर दोषी त्या निम्म्यात. नाही पडला तर दुसऱ्या निम्म्यात. पुन्हा निम्मे. सोळा एक्स्टेन्शन असली तरी चार फेऱ्यांत एकावर येता.

ठेवायचंच आहे पण रोज लागत नाही, अशा एक्स्टेन्शनसाठी 'डिटेल्स'मध्ये जाऊन 'साइट ॲक्सेस' हे 'ऑन क्लिक' करा. मग तुम्ही चिन्हावर क्लिक केल्याशिवाय ते पानात शिरत नाही. ही सोय क्रोममध्ये कित्येक वर्षं आहे आणि फारसं कुणी वापरत नाही.

जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनबद्दल नेहमी विचारतात. ते स्वतः थोडी मेमरी घेतं, पण जाहिरातींनी भरलेल्या बातम्यांच्या आणि भावाच्या साइटवर त्याच्या कैकपट वाचवतं. माझं मत: एक जरूर असावं, दोन कधीच नसावेत. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन हे असलं एक्स्टेन्शन पूर्ण ताकदीनं चालतं. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून तिथं त्याची लाइट आवृत्ती वापरावी लागते. तीही बहुतेकांना पुरते.

एखादं एक्स्टेन्शन काढताच येत नसेल आणि घरच्याच कॉम्प्युटरवर मेनूच्या तळाशी 'तुमची संस्था हा ब्राउझर व्यवस्थापित करते' अशा अर्थाची ओळ दिसत असेल, तर जरा थांबा. ऑफिसच्या मशिनवर ती रास्त आहे, काही अँटिव्हायरसही ती आणतात. यातलं काहीच नसेल, तर नको असलेल्या सॉफ्टवेअरनं ब्राउझरवर ताबा मिळवलेला असू शकतो. विंडोज सिक्युरिटीतून पूर्ण स्कॅन करा आणि 'इन्स्टॉल्ड ॲप्स'च्या यादीत तारखेप्रमाणे लावून अलीकडे काय आलंय ते बघा.

पायरी ४: टॅब झोपवायला लावा

पन्नास टॅब उघडे ठेवणाऱ्याला 'टॅब कमी ठेव' असं सांगून तो ऐकत नाही, हा सगळ्यांचा अनुभव. त्यापेक्षा ब्राउझरलाच ते झोपवू द्या.

क्रोममध्ये 'सेटिंग्ज', 'परफॉर्मन्स', तिथं 'मेमरी सेव्हर' चालू करा. ही सोय २०२२ च्या अखेरीस आली. आता तिच्यात मॉडरेट, बॅलन्स्ड आणि मॅक्सिमम असे तीन प्रकार आहेत. ४ जीबीच्या मशिनला मॅक्सिमम, ८ जीबीला बॅलन्स्ड. झोपलेल्या टॅबवर गेलात की पान पुन्हा लोड होतं, एवढाच त्रास. आवाज वाजणारा टॅब, चालू डाउनलोड, अर्धवट भरलेला फॉर्म, पिन केलेला टॅब यांना क्रोम सहसा झोपवत नाही. तरी जे पोर्टल पुन्हा लोड झालं की लॉगआउट करतं, ते त्याच पानावर खाली 'ऑलवेज कीप धीज साइट्स ॲक्टिव्ह' या यादीत टाकून ठेवा. व्हॉट्सॲप वेबही तिथं टाकलेलं बरं.

एजमध्ये यालाच 'स्लीपिंग टॅब्ज' म्हणतात. किती वेळानं झोपवायचं ते ३० सेकंदांपासून १२ तासांपर्यंत ठरवता येतं. १५ मिनिटं ठीक. फायरफॉक्स मेमरी कमी पडली की आपणहून टॅब रिकामे करतो, आणि नव्या आवृत्तीत टॅबवर राइट क्लिक करून 'अनलोड टॅब' म्हणता येतं.

याच जोडीला आणखी काही बटणं बंद करा. क्रोमच्या 'सेटिंग्ज'मधल्या 'सिस्टिम' भागात, क्रोम बंद केल्यावरही मागे ॲप चालू ठेवण्याचा पर्याय असतो, तो बंद. एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' आणि तसाच मागे चालणाऱ्या एक्स्टेन्शनचा पर्याय असतो, तेही बंद. तुम्ही एज कधी उघडत नसाल तरी हे करा, कारण तुम्ही न उघडताही ते मागे जागा अडवून बसलेलं असू शकतं.

पायरी ५: व्हिडिओ आणि प्रोसेसर

आता स्पर्धा परीक्षेची पोरं. लेक्चर यूट्यूबवर, वेग दुप्पट, लॅपटॉप मोठ्या भावाकडून आलेला जुना. वेग दुप्पट केला की तेवढ्याच वेळात जवळजवळ दुप्पट चित्रं उलगडावी लागतात, आणि तिथं प्रोसेसरचा जीव जातो.

यामागचं खरं कारण बहुतेक वेळा व्हिडिओच्या प्रकारात असतं. चालू व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. काळ्या चौकटीत 'कोडेक्स' ही ओळ शोधा. तिथं 'एव्हीसी१' असेल तर तो एच २६४ हा जुना प्रकार, 'व्हीपी०९' असेल तर व्हीपी९, 'एव्ही०१' असेल तर एव्ही१. यूट्यूब शक्यतो नवे प्रकार पाठवतं, कारण त्यात डेटा कमी लागतो. पण ते उलगडायची खास सोय ग्राफिक्स चिपमध्ये नसेल तर सगळं ओझं प्रोसेसरवर येतं. इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी९ ची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली आणि एव्ही१ ची अकराव्यापासून. एच २६४ मात्र त्याहून कितीतरी जुन्या मशिनलाही जमतं. त्याच चौकटीत गाळलेल्या फ्रेमचा आकडा असतो. तो भराभर वाढत असेल तर मशिनला झेपत नाहीये.

उपाय सोपा आहे. आधी दर्जा ४८० वर आणा. फळ्यावरची अक्षरं तेवढ्यात दिसतात. भागलं नाही तर एच २६४ मागायला लावणारं एक छोटं एक्स्टेन्शन टाका, नाव 'एच२६४इफाय'. जुन्या लॅपटॉपवर फरक ताबडतोब दिसतो: सीपीयूचा आकडा खाली येतो, पंखा शांत होतो. डेटा थोडा जास्त जातो, हे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शिकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

मग 'सेटिंग्ज', 'सिस्टिम' इथं 'ग्राफिक्स ॲक्सिलरेशन' चालू आहे का ते बघा. ते चालूच असावं. कुणीतरी कधीतरी काळा पडदा येतो म्हणून बंद केलेलं असतं आणि तेव्हापासून सगळं काम प्रोसेसर ओढत असतो. चालू असूनही पडदा लुकलुकत असेल किंवा 'जीपीयू प्रोसेस' सीपीयू खात असेल, तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करा. तेवढ्यानंही नाही जमलं, तरच बंद करून बघा.

व्हिडिओ नाही, कॉल नाही, तरीही एक ठरावीक साइट उघडली की पंखा सुटतो आणि बंद केली की थांबतो, असं असेल तर त्या साइटवर पुन्हा जाऊ नका. पाहुण्यांच्या प्रोसेसरवर गुपचूप क्रिप्टोचलन खणणाऱ्या स्क्रिप्ट असतात. यातली गाजलेली कॉइनहाइव्ह २०१९ मध्ये बंद पडली, धंदा पूर्ण बंद पडला नाही. फुकट सिनेमे आणि फुकट क्रिकेट दाखवणाऱ्या साइटवर संशय आधी घ्यावा.

पायरी ६: नवी प्रोफाइल, आणि काय करू नये

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर नवी प्रोफाइल काढून बघा. क्रोममध्ये वर उजवीकडच्या तुमच्या चित्रावर क्लिक, मग नवी प्रोफाइल, कुठल्याही खात्यात लॉगिन न करता. तिथं नेहमीचे चार टॅब उघडा. नवीत सगळं सुरळीत, तर बिघाड जुन्या प्रोफाइलमध्ये. मग 'रीसेट सेटिंग्ज' करा. त्यात एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकीज जातात, म्हणजे सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागेल. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात. फायरफॉक्सचं 'रिफ्रेश' बुकमार्क आणि पासवर्ड ठेवतं, एक्स्टेन्शन काढून टाकतं. नव्या प्रोफाइलमध्येही तीच रड असेल, तर ब्राउझर सोडून मशिनकडे वळा.

कॅशे साफ करण्याचं वेड आपल्याकडे फार. कॅशे डिस्कवर असते. ती पुसून रॅम मोकळी होत नाही, उलट प्रत्येक पान पुन्हा उतरवावं लागतं. पान तुटकं दिसत असेल, जुनंच दिसत असेल, तर कॅशे पुसा. रॅमसाठी नको. 'रॅम बूस्टर'वाल्यांचं तर विचारूच नका. ते चालू प्रोग्रॅमची मेमरी जबरदस्तीनं डिस्कवर ढकलतात, मीटरवर हिरवा आकडा दाखवतात, आणि पुढच्या क्लिकला तीच मेमरी परत आणावी लागते.

ब्राउझर अद्ययावत ठेवा, हे सांगायला नको. पण विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. २०२३ च्या फेब्रुवारीपासून पुढच्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. अशा मशिनवर बँकेचं काम करू नये.

पायरी ७: उन्हाळा आणि हळदीची धूळ

सकाळी बरा चालणारा कॉम्प्युटर दुपारी बसतो, याचं एक कारण टॅब साचत जाणं, आणि दुसरं ऊन. एप्रिलमध्ये बाहेरच पारा चाळिशीला टेकलेला असतो, मग पत्र्याखालच्या ऑफिसाचं काय सांगावं. प्रोसेसर ठरावीक तापमानाच्या वर गेला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', 'सीपीयू' इथं 'बेस स्पीड' आणि चालू 'स्पीड' असे दोन आकडे असतात. वापर १०० टक्के आणि वेग मात्र बेसच्या बराच खाली, समजा २.४० गिगाहर्ट्झच्या जागी ०.८०, असं दिसलं तर संशय उष्णतेचा. लॅपटॉप असेल तर आधी बॅटरी सेव्हर चालू नाही ना आणि चार्जर नीट लागलाय ना, हे बघा. त्यानंही वेग असाच पडतो.

यार्डातल्या डेस्कटॉपचं झाकण उघडलं की पंख्यावर आणि त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये पिवळट थर जमलेला दिसतो. सौद्याच्या दिवसांत हवेत उडणारी हळदच ती. मशिन बंद, प्लग काढलेला, पंखा बोटानं धरून ठेवलेला, आणि मग लांबून ब्लोअर. पंखा न धरता हवा मारली तर तो भलत्याच वेगानं फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. फुंकायचं ते बाहेर अंगणात. आत फुंकलं तर धूळ पुन्हा तिथंच बसते. मशिन चार-पाच वर्षांचं असेल तर थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे नेणारा लेप) बदलून घ्या. हॉस्टेलच्या पोरांनी लॅपटॉप गादीवर ठेवू नये, खालच्या हवेच्या फटी बंद होतात.

पायरी ८: आता रॅमचं बोलू

सगळं करून मेमरी नव्वदच्या वरच राहत असेल, तर खर्च करायला हरकत नाही. ४ जीबीत विंडोज १० किंवा ११, हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर हे त्रिकूट आज बसत नाही, हे मान्य करावं लागेल. ८ जीबीत बहुतेकांचं भागतं.

विकत घेण्याआधी 'परफॉर्मन्स', 'मेमरी' बघा. 'स्लॉट्स यूज्ड' पुढे १ ऑफ २ असेल तर जागा मोकळी. डीडीआर३ की डीडीआर४, म्हणजे रॅम कोणत्या पिढीची, तेही आधी माहीत करून घ्या. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असू शकते, तेव्हा दुकानात जाऊन आधी उघडून दाखवा आणि मग पैसे द्या. 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अबाउट' इथं विंडोज ३२ बिट आहे का तेही तपासा. असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम टाकून फुकट जाईल. आधी ६४ बिट विंडोज घालावं लागेल.

रॅम आधी की एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आधी, असा प्रश्न पैसे एकाचेच असतात तेव्हा येतो. सकाळी मशिन चालू करून काहीही न उघडता डिस्क १०० टक्के दाखवत असेल, तर एसएसडी आधी. डिस्क दिवसभर शांत आणि मेमरी भरल्यावरच पेटत असेल, तर रॅम आधी.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांचं मशिन ११ च्या अटीत बसत नाही, त्यांना कुणीतरी विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम घालायचा सल्ला देईल. नुसतं यूट्यूब, मेल आणि अभ्यास असेल तर लिनक्स मिंट खरंच हलकं पडतं. पण दुकानात डिजिटल सिग्नेचरचं टोकन, बारकोडचा प्रिंटर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल, तर त्या तिघांचं लिनक्सवर जमतं का हे आधी त्यांच्या विक्रेत्यांना फोन करून विचारा, आणि जुनी डिस्क तशीच बाजूला ठेवून नव्या एसएसडीवर घालून बघा.

दिवाणजींच्या मशिनला त्या दिवशी रॅम लागली नाही. भावाचा टॅब बंद, पीडीएफवालं एक्स्टेन्शन काढलं, मेमरी सेव्हर मॅक्सिममवर. मेमरी ९३ वरून ७० च्या घरात आली आणि यूट्यूबवरचं लाइव्ह कोपऱ्यात होतं तसंच चालू राहिलं. हार्ड डिस्क मात्र जुनीच आहे. ती हंगाम संपल्यावर बदलायची ठरलीय.